टकटकबाईंचा सातवा ठोका

आमच्या छापखान्यात बाई एकच, आणि त्यांचा दरारा सगळ्या यंत्रांपेक्षा जास्त. वरच्या खोलीत बसून त्या कोशासाठी स्पॅनिश शब्दांना इंग्रजी अर्थ देत. तेही साधेसुधे शब्द नव्हेत. यमक, कडवं, ओळीची लांबी, असले. कवितेची हाडं मोजायचा धंदा, असं मी म्हणायचो. ओळ वाचताना त्या पेन्सिलीने टेबलावर ठोके देत, म्हणून सगळे त्यांना टकटकबाई म्हणत. तोंडावर म्हणायची हिंमत फक्त माझी, कारण मुद्रितं तपासायला मी शेजारच्याच टेबलावर.

कोशाचे संपादक म्हणजे त्यांचे थोरले दीर. घरातली गोष्ट बाहेर सांगू नये म्हणतात, पण सांगितल्याशिवाय मला जेवण पचत नाही. आधीचे तीन कोश बाईंनी रक्त आटवून केले आणि पहिल्या पानावर नाव झळकलं दिरांचं. शेवटी जाऊबाईंनीच नवऱ्याला धारेवर धरलं, तेव्हा कुठे ते कबूल झाले: या छंदकोशात चूक निघाली नाही, तर नाव हिचं.

मग काय, दीर चुका शोधायलाच बसले. महिनाभर हाती काही लागेना. शेवटचं मुद्रित छपाईला जायचं त्या सकाळी मात्र ते तांबडी पेन्सिल घेऊन जिना चढून आले. एका शब्दाचा अर्थ दिला होता, ‘आठ अक्षरांची ओळ’, आणि खाली उदाहरणाच्या तीन ओळी. त्यांनी बोटांवर मोजल्या. एक सात भरली, एक आठ, एक नऊ.

“आठ म्हणतेस आणि तीनपैकी दोन ओळी चुकलेल्या. यावर तुझं नाव छापू?”

बाईंनी वाद घातला नाही. खालून बाइंडरमामांना बोलावलं. मामांना स्पॅनिशचा गंध नाही, पण हातोडीने पुस्तकांच्या पाठी गोल करण्यात जन्म गेलेला. बाईंनी त्यांना सांगितलं, ओळीत शेवटचा जोर ऐकू येईल तिथे ठोका मारा. दिरांना म्हणाल्या, तुम्ही मोजा. आणि प्रत्येक ओळ आधी एकदा ऐकवून मग सावकाश वाचायला लागल्या.

पहिल्या ओळीत हातोडी सातव्या अक्षरावर पडली आणि ओळ संपली. दुसरीतही सातव्यावरच, मागे एक हलकं अक्षर उरलं. तिसरीत दोन उरली, पण ठोका पुन्हा सातवाच. दिरांचं बोट हवेतच राहिलं.

“भाऊजी, शेवटच्या जोरापर्यंत मोजायचं आणि एक मिळवायचा. मागचं शेपूट किती का असेना. त्यांची मोजायची रीतच तशी आहे.”

मी गालातल्या गालात हसत होतो, तोच बाईंनी तांबडी पेन्सिल उचलून स्वतःचाच अर्थ खोडला. म्हणाल्या, “पण चूक आहेच. इंग्रजी वाचणाराही तुमच्यासारखाच बोटं मोजत बसणार. हे मी लिहायला हवं होतं.” आणि मोजायची रीत दोन ओळींत लिहून टाकली. मी कपाळाला हात लावला. जिंकलेला डाव कुणी असा घालवतं?

दिरांनी त्या दोन ओळी वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग माझ्या टेबलावरून पहिलं पान ओढलं, स्वतःचं नाव खोडलं आणि भावजयीचं लिहिलं.

“अट मोडली की हो,” मी काडी घातलीच.

“चूक निघाली खरी,” ते म्हणाले, “पण महिनाभर शोधून मला नाही सापडली. तिला सापडली.”

हल्ली ते जेवताना ताटावर ठोके देतात, असं जाऊबाई सांगतात. सातव्याला आमटी उडते.