जंतूंचं गोत्र

आमच्या घराण्याचं पोट चार पिढ्या सोवळं राहिलं आहे, असं वडील सांगत. कोपऱ्यावरची कचौडी त्यात धरलेली नव्हती.

नव्वदीच्या दशकात उत्तरेत, गंगेकाठी बालाजी घाटाजवळच्या आमच्या घराला पहिली नात झाली, माझ्या भावाची मुलगी, तीही सातव्याच महिन्यात. रुग्णालयात तिला काचेच्या पेटीत ठेवलं. सोयर लागल्यामुळे अण्णांची, म्हणजे वडिलांची, पूजापाठाची कामं बंद होती. ते दिवसभर बाहेरच्या बाकावर बसून डॉक्टरांना सल्ले देत.

तिचा श्वास ठीक होता. भीती आतड्यांची होती. अशा बाळांची आतडी एकाएकी सुजतात, सडतात, आणि मग फारसं काही करता येत नाही, असं डॉक्टरीणबाईंनी आम्हा भावांना सांगितलं. आईच्या दुधाच्या थेंबांतून चांगल्या जंतूंची पूड देऊन पाहू. काही ठिकाणी उपयोग झालाय, खात्री देत नाही. भाऊ लगेच हो म्हणाला, म्हणजे "अण्णांना विचारतो" म्हणाला.

अण्णा गंगाजलाचा गडू घेऊनच उभे होते. "जंतू? माझ्या नातीला? त्यापेक्षा हे दोन थेंब घाला म्हणावं."

"पंडितजी, वो तो बिल्कुल नहीं," बाई म्हणाल्या.

"तो ये जंतु आते कहाँ से हैं? किसके हैं?"

"गोत्र विचारताय का, अण्णा?" मी म्हणालो.

"तू गप रे, कचौडीवाल्या."

बाईंनी शांतपणे सांगितलं: अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या विष्ठेतून हे मुळात वेगळे काढलेले आहेत.

भावाने डोळे मिटले. अण्णा मात्र विचारात पडले. दर श्रावणीला अख्ख्या गल्लीला पंचगव्य पाजणारा हा माणूस. त्यातलं शेण तो स्वतः पारखून आणी.

"सिर्फ माँ का दूध? अन्न छुआ नहीं?"

"जी नहीं."

"मग शुद्धच आहे," अण्णा आमच्याकडे वळून म्हणाले. "गाईचं असतं तर अधिक बरं होतं."

पूड सुरू झाली. बाई रोज पोट दाबून पाहत, आणि अण्णा रोज काचेबाहेरून विचारत, "मऊ आहे ना?" मऊच होतं. त्यात पुडीचा वाटा किती, हे बाईंनी शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एका सकाळी नर्सबाईंनी दुपटं उघडून दाखवलं. परक्याच्या धोतराचा वारा लागला तरी गंगेत उतरणाऱ्या अण्णांनी चष्मा लावला, अगदी जवळून पाहिलं आणि जाहीर केलं, "पिवळी. छान झाली आहे."

मग घाटापर्यंत भेटेल त्याला त्यांनी हेच सांगितलं. त्या दिवशी त्यांची आंघोळ राहिली.