डाव्या बाजूचा नट

नव्वदच्या दशकात बारामतीत माझं गॅरेज होतं. हाताला गुण होता, तोंडाला मात्र लगाम नव्हता. दुसऱ्या मिस्त्रीचं काम बघितलं की मी आधी हसायचो आणि मग पाना उचलायचो.

माझ्याकडं येणाऱ्या गाड्यांत सगळ्यात पळणारी गाडी एका डॉक्टरबाईंची. सकाळी बारामतीत पेशंट, दुपारनंतर इंदापूरचा दवाखाना, मधल्या गावांत कुठं बाळंतीण अडली तर तिकडं. गाडी स्वतः चालवायच्या, आणि अशी की उसाचे ट्रॅक्टरवाले लांबूनच बाजूला घ्यायचे. पण अलीकडं वळणावर मागची बाजू सुटल्यासारखी हलत होती. खाली शिरून बघितलं तर मागची चाकं ज्या दांड्यांनी धरलेली असतात, त्यांच्या टोकाचे रबरी बुश पार चिरलेले. तसलेच परत बसवणं माझ्या मनाला पटेना. पुण्याहून खास कडक रबराचे करून आणले.

या कामात एक मेख असते. गाडी जॅकवर असतानाच नट आवळला, तर चाक लटकलेलं असतं तशातच रबर जखडतं. मग गाडी खाली आली, वजन पडलं, की ते पिळवटतं आणि थोड्याच महिन्यांत फाटतं. म्हणून जॅकवर नट नुसता हातानं फिरवायचा, गाडी खाली घ्यायची, मागच्या सीटवर वजन ठेवायचं आणि मग आवळायचा. वजन म्हणून मी शेजारच्या आडतीवरचे दोन हमाल बसवायचो. एक उजवीकडं, एक डावीकडं, हातात चहाचे ग्लास. गावातले बाकीचे मिस्त्री या प्रकाराला हसायचे.

त्या दुपारी दोघं बसले. मी खाली शिरून उजवा नट आवळला, तेवढ्यात बाई आल्या. इंदापूरच्या वाटेवर कळंबला एक बाळंतीण अडली होती.

"किती वेळ आहे अजून?"

"झालंच, बाई," म्हणत मी बाहेर आलो आणि, लिहितानाही लाज वाटते, हमाल का बसवलेत ते त्यांना समजावत उभा राहिलो. बारामतीत हे दुसऱ्या कुणाला ठाऊक न्हाय, असंही वर ऐकवलं. हमाल उतरले. बाईंनी किल्ली घेतली.

"आता कशीबी पळवा," मी म्हणालो. "वळणावर ब्रेकला पाय लावायची गरज न्हाय."

गाडी दिसेनाशी झाली. दोघांतला म्हातारा हमाल, त्याला सगळे तात्या म्हणायचे, रिकामा ग्लास ठेवत म्हणाला, "मिस्त्री, आज माझ्या बुडाखाली पाना वाजलाच न्हाय की."

मी हसलो, आणि हसतानाच आठवलं. तात्या डावीकडं बसले होते. डावा नट नुसता हातानं फिरवलेला होता.

इंदापूरच्या दवाखान्यात फोन करून उपयोग नव्हता, बाई आधी कळंबला जाणार होत्या. मी पाने आणि सुटे नट पिशवीत कोंबले आणि मोटारसायकलला किक मारली. त्या गाडीला मी काय गाठणार! नट गळेल, मग बोल्ट सरकेल, मग दांडी सुटेल आणि भर वेगात मागचं चाक तिरकं होईल, हेच डोळ्यासमोर येत होतं. प्रत्येक वळणाला मी रस्त्याच्या आधी कडेची पाण्याची चारी बघायचो. कालव्याजवळ माणसं गोळा झालेली दिसली तेव्हा मोटारसायकल तशीच टाकून गर्दीत घुसलो. उसाची ट्रॉली उलटली होती. लोक हळहळत होते आणि मला मात्र बरं वाटलं, इतका मी त्या वेळी नीच झालो होतो.

कळंबच्या अलीकडं एका वस्तीवर गाडी उभी दिसली. तसाच खाली घुसलो. नट गेलाच होता. बोल्ट अर्ध्याहून जास्त बाहेर आला होता. तो आत ठोकला, नवा नट चढवला, वस्तीवरच्या दोन गड्यांना सीटवर बसवून आवळला. पुन्हा पुन्हा आवळून बघितला.

घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं. थोड्या वेळानं बाई हात पुसत बाहेर आल्या.

"मिस्त्री, तुम्ही इथं?"

सहज आलो म्हटलं असतं तरी चाललं असतं. कुणाला कळणार होतं?

"गाडी फार छान झालीय," त्या म्हणाल्या. "कालव्याच्या वळणाला खरंच ब्रेक लावला नाही मी."

मग मात्र मला राहवेना. सगळं सांगून टाकलं. मी बाहेर येऊन बढाया मारत होतो म्हणून राहिलं, हेही सांगितलं.

मला वाटलं, आता बाई रागावतील, शिव्या देतील, गाडी परत आणणार नाहीत. मला त्यातलं काहीही चाललं असतं. त्या गाडीत बसल्या. किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"मागं एकदा एका बाळंतिणीचं रक्त थांबलंय का, ते परत जाऊन बघायचं माझ्याकडून राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "बाहेर नातेवाइकांशी बोलत उभी होते. आठवलं तेव्हा धावले, पण ती गेली होती. तिची मुलगी आता दोन वर्षांची आहे. तिचा बाप तिला तपासायला माझ्याकडंच आणतो, दर वेळी पाया पडतो. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही."