दहाव्याला दिलेली पत्रं

सकाळी सहाला आमचं दार वाजायचं. उघडलं की हौसामावशी विचारायची, "बघ गं फोनात, आज दहावा कुठं हाय?" मी गावाच्या ग्रुपवरचे श्रद्धांजलीचे फोटो सरकवत वाचून दाखवायची. नाव, घाट, वेळ. माणूस कशाने गेला, हे ती कधी विचारायची नाही. एवढंच विचारायची, "आमदार येतोय का?"

मावशी आमच्या शेजारी राहायची. चाकणकडच्या जुन्या घरातली, त्यामुळे अर्ध्या तालुक्यात तिचे पाहुणे. तिच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी तेवढी होती. मधली तीन बोटं एका लहान कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेसखाली गेली. हात आत आला की मशीन थांबवणारा सेन्सर मालकाने बंद करून ठेवला होता, माल जास्त निघावा म्हणून. मालक आमदारांचा माणूस. ती दवाखान्यात असतानाच आमदार फळं घेऊन आले, "आपलीच माणसं आहेत, केस कशाला करता?" म्हणाले आणि तडजोडीच्या कागदावर तिच्या डाव्या हाताचा अंगठा घेऊन गेले. मावशीला सही येत होती. "पर सही करायचा हात बांधला व्हता ना," ती म्हणायची. "त्येनं येळ बरूबर साधली."

पुढे एका विधेयकाची बातमी आली. मीच तिला ती वाचून दाखवली. लहान कारखान्यांत सरकारी तपासणी होणार नाही. मशीन सुरक्षित आहेत असं मालकाने स्वतः लिहून दिलं की झालं.

मावशी म्हणाली, "म्हंजी चोरानंच लिहून द्यायचं, म्या चोरी केली न्हाई. त्या आमदाराला पत्र लिही. ह्याच्या बाजूनं हात वर करू नको म्हनावं."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. मला लोकांशी बोलताना घाम फुटतो, पण लिहायला सांगितलं की बरं वाटतं. मी इंग्रजीत ईमेल पाठवला. आपला संदेश मिळाला, असं आपोआप येणारं उत्तर आलं. मग मराठीत पत्र लिहून पोस्टाने पाठवलं. त्यावर मावशीच्या नावाने साहेबांचा हसरा फोटो असलेलं वाढदिवसाचं शुभेच्छापत्र आलं. तिचा वाढदिवस नव्हताच.

"आता ह्याला दहाव्यालाच गाठते," मावशी म्हणाली. "तिथनं न्हाई पळता येत."

आमच्याकडे पुढारी लग्न चुकवेल, दहावा चुकवणार नाही. घाटावर यायचं, पुढच्या खुर्चीत बसायचं, माइकवर दोन मिनिटं गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलायचं. न आलेला माणूस लोक निवडणुकीपर्यंत लक्षात ठेवतात.

दहाव्याला द्यायचं पहिलं पत्र मी 'आदरणीय' असं सुरू केलं.

"खोड ते."

"मग काय लिहू?"

"'साहेब' लिही. तेवढं बास."

देहूच्या घाटावर आमदारांचं बोलणं संपलं आणि मावशी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. अंगठा आणि करंगळीत धरलेला कागद तिने पुढे केला. शेजारचा कुणी म्हणाला, "मावशे, दुसऱ्या हातानं दे की, पडंल."

"डाव्या हातानं कागद देऊ व्हय साहेबाला? बरं दिसतं का ते?"

साहेबांना त्या हातातून कागद घ्यावा लागला. नीट घेता येईना, बोटांना बोटं लागली. "बघतो मी, ताई," ते म्हणाले. मी मागे, चपलांच्या ढिगाजवळ उभी होते. त्यांचे कान लाल झालेले मला तिथूनही दिसले. ते बघायला मला फार आवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

त्यानंतर प्रत्येक दहाव्याला एक पत्र. मजकूर तोच, फक्त शेवटी हे कितवं पत्र ते लिहायचं. एकदा त्यांच्या सहायकाने हात पुढे केला, "आणा मावशी, मी देतो साहेबांना." मावशीने कागद मागे घेतला. "तुला मत दिलं व्हतं का रं मी?" दहाव्याला हसायचं नसतं. म्हाताऱ्यांनी उपरण्यात तोंडं लपवली.

विधेयक सभागृहात आलं आणि मंजूर झालं. आमचे आमदार त्या दिवशी सभागृहात नव्हते. पुढच्या दहाव्याला त्यांनी माइकवरच खुलासा केला. "काही लोक मला त्या मतदानाबद्दल विचारतात. मी त्या दिवशी आपल्याच भागात एका दहाव्याला होतो. माझ्यासाठी आपली माणसं आधी, सभागृह नंतर."

मावशी बसल्या जागेवरून म्हणाली, "कुनाचा?"

"काय, ताई?"

"दहावा कुनाचा व्हता त्या दिशी? म्या तर घरीच व्हते. एक बी दहावा नव्हता, साहेब."

साहेबांनी माइक दुसऱ्याच्या हातात दिला आणि ते गाडीकडे गेले. मतदानाला कुठे होतात, असं विचारणारं पत्र तिच्या हातातच राहिलं. रिक्षात ती म्हणाली, "ह्ये आज ऱ्हाऊ दे. आज त्यानं सोताच लिहून दिलं, म्या चोरी केली न्हाई म्हनून."

थंडी सुरू होताना मावशी गेली. झोपेतच. तिच्या दहाव्याला घाट भरला होता. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, तिच्याबरोबर प्रेसवर काम केलेल्या बायका. सूत्रसंचालकाने दोनदा पुकारलं, "आमदारसाहेब आलेत का?" पहिल्या रांगेतली त्यांच्यासाठी ठेवलेली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

माझ्याकडे कुणीतरी माइक आणला. मी मानेनेच नाही म्हटलं. मग फोन काढला, त्या रिकाम्या खुर्चीचा फोटो घेतला, मागे मावशीची हार घातलेली तसबीर दिसेल असा, आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली एक शब्दही लिहिला नाही. संध्याकाळपर्यंत तो फोटो चार वेगवेगळ्या ग्रुपांतून फिरून माझ्याकडेच परत आला होता.