टायरच्या वडिलांचा फोन

अबोला धरायला जागा लागते. आमच्या कॉलेजात ती अजिबात नव्हती. दुग्धशास्त्राचं निवासी कॉलेज, मुलांचं एक वसतिगृह, मुलींचं एक, दोघांत मिळून एक मेस आणि मागे शिकाऊ डेअरी. ज्याच्याशी तुम्ही बोलत नाही तो सकाळी नळावर तुमच्या मागे उभा, दुपारी मेसच्या रांगेत तुमच्या पुढे, आणि प्रॅक्टिकलला तुमच्याच टेबलावर. तरीही आम्ही अबोले धरायचो, अगदी हौसेने. वय तसं होतं आणि संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

हे अबोले सोडवायचं काम डिंकाकडे होतं. ते त्याला कुणी दिलं नव्हतं, त्यानेच अंगावर घेतलं होतं. डिंक हे नाव मुलींच्या वसतिगृहातून आलं आणि इतकं चिकटलं की एकदा हजेरीलासुद्धा मास्तरांनी तेच पुकारलं. बुटका, गोल चेहऱ्याचा, सदा घाईत. दोघांची तोंडं दोन दिशांना दिसली की हा मधे हजर. परक्यांच्या भांडणाचा इतका त्रास करून घेणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

त्याची पद्धत एकच होती. माझ्यावरच ती चालली आहे, म्हणून सांगतो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, आजही. एका बादलीवरून माझं वर्गाच्या मॉनिटरशी वाजलं आणि आम्ही आठवडाभर एकमेकांकडे भिंतीकडे बघावं तसे बघत होतो. डिंक सहज आल्यासारखा आला आणि म्हणाला, मॉनिटर विचारत होता, तुझी परीक्षेची तयारी कशी चाललीये, त्याच्याकडे नोट्स जास्तीच्या आहेत. मी विरघळलो. तिकडे त्याच दुपारी त्याने मॉनिटरला सांगितलं होतं की मी त्याच्या दाढदुखीची चौकशी करत होतो. मला त्याला दाढा आहेत की नाहीत याचंही सोयरसुतक नव्हतं. संध्याकाळी आम्ही एकत्र चहा प्यायलो. पुढे दोघांनाही खरं कळलं, पण तोवर कोण पर्वा करतो? खाली उतरायला शिडी हवी होती, ती मिळाली होती.

ही कला तो घरून शिकून आला होता. त्याच्या आईवडिलांचा अबोला होता, तोही एकाच घरात राहून, एकाच टेबलावर जेवून. मधे हा. ‘तुझ्या बाबांना सांग, जेवायला वाढलंय.’ ‘तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ नाही.’ दोघं हाताच्या अंतरावर बसलेली असायची, तरी निरोप याच्या तोंडून जायचा. सहा-सात वर्षांचा असताना त्याच्या लक्षात आलं की निरोप थोडा बदलून दिला तर आईच्या कपाळावरची आठी जाते. मग तो सांगायला लागला, ‘बाबा म्हणतात भाजी मस्त झालीये, फक्त चिमूटभर मीठ हवं.’ वडील समोर बसून ऐकायचे आणि काही बोलायचे नाहीत. हे सगळं त्याने मला हसत हसत सांगितलं होतं. मला काही हसू आलं नाही.

आमच्या खोलीत तीन खाटा होत्या. एक डिंकाची, एक माझी, तिसरी टायरची. टायरच्या वडिलांचं टायरचं दुकान होतं, म्हणून तो टायर. आमची कल्पनाशक्ती एवढीच. उंच, शिडशिडीत, बोलायला मोजका. त्याने दुकानात बसावं अशी वडिलांची इच्छा होती. हा दुधाकडे वळला आणि बापाने बोलणं टाकलं. फी भरायचे, कपडे पाठवायचे, पण शब्द नाही. सुट्टीत घरी गेला तर वडील पेपर वर धरून बसायचे. टायर याबद्दल क्वचितच बोलायचा. आईचा फोन ऑफिसात आला की घेऊन यायचा आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचा, तेवढंच.

डिंक आणि टायर यांचं फार जमायचं. डेअरीतही त्यांची जोडी होती. दूध तापवायच्या मोठ्या टाकीवर दोघं लागतात: एक पायरीवर उभा राहून थर्मामीटर बघतो आणि ओरडतो, दुसरा खाली वाफेचा व्हॉल्व्ह फिरवतो. टायर वर, डिंक खाली. ‘सोड’, ‘थोडं’, ‘बंद कर’ असं चाललेलं असायचं आणि अधूनमधून मोठ्याने हसणं. मास्तर त्यांना रागवायचे आणि पुन्हा त्याच जोडीला उभं करायचे, कारण त्यांच्या हातून दूध कधी करपलं नाही.

शेवटच्या वर्षी टायरला जोराचा ताप आला. चार-पाच दिवस अंग नुसतं भट्टी. आईला कळवू नका, उगीच धावत येईल, असं त्याने बजावलं. उतार पडला, पण पोरगं मलूल. खायला मागेना, बोलेना. डिंकाला ते बघवेना. एका दुपारी तो ऑफिसकडून आला आणि टायरच्या खाटेवर टेकून म्हणाला, ‘तुझ्या बाबांचा फोन आला होता. मीच घेतला. ऑफिसच्या क्लार्ककडून तुझ्या तापाचं कळलं म्हणे, उतरला का विचारत होते. तुला सांगू नको म्हणाले.’

शेवटचं वाक्य म्हणजे त्याच्या कारागिरीचा कळस. सांगू नको म्हटल्यावर विचारणार कोण?  संध्याकाळी टायरने उठून अंघोळ केली, मेसमध्ये दोनदा वाढून घेतलं, आणि मग सत्र संपेपर्यंत तो वेगळाच माणूस होता. शिट्टी वाजवायचा. मलाही तो फोन खराच वाटला होता.

सुट्टी लागली तसा टायर पहिल्याच गाडीने घरी गेला, आम्ही दोघं खोलीतच थांबलो होतो, आणि दुसऱ्याच दिवशी तो परत आला. पिशवी खाटेखाली ढकलली, डिंकाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. काय घडलं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. तो स्टँडवरून थेट दुकानात गेला होता. कारागीर होते, दोन गिऱ्हाइकं होती. हा म्हणाला, बाबा, तुम्ही फोन केलात, मला बरं वाटलं. वडील म्हणाले, कसला फोन? मी कशाला करू? कुणीतरी हसलं.

मग आमच्या खोलीत जो अबोला बसला तो पहिल्या वर्षाच्या पोरांचा अबोला नव्हता. टायर ओरडला नाही, भांडला नाही. डिंक खोलीत आहे हेच त्याने मानायचं सोडलं. टाकीवर मास्तरांनी नेहमीप्रमाणे दोघांना उभं केलं तर हा वरून चमच्याने टाकीच्या कडेवर ठोके द्यायला लागला. एक ठोका म्हणजे सोड, दोन म्हणजे बंद. सगळी डेअरी हसायची, डिंक मान खाली घालून व्हॉल्व्ह फिरवायचा.

मध्यस्थी करायला उरलो मी. या कामाला माझ्याइतका नालायक माणूस शोधून सापडला नसता. मला निरोप आहे तसाच देता येतो. डिंक म्हणाला, त्याला सांग, माझ्या मनात वाईट नव्हतं. मी सांगितलं. टायर म्हणाला, त्याला सांग, मन गेलं खड्ड्यात. मी तेही सांगितलं. दोन दिवसांत प्रकरण होतं त्याहून बिघडलं. मुलींनी प्रयत्न केला, मेसच्या आचाऱ्याने दोघांना एका ताटाशी बसवायचा घाट घातला. मॉनिटरने तर कमाल केली. तो डिंकाकडे येऊन म्हणाला, टायर तुझी चौकशी करत होता. डिंकाने त्याच्याकडे इतकं केविलवाणं पाहिलं की मॉनिटर आल्या पावली परत गेला.

डिंकाचं सगळंच थांबलं. तो कुणाचं काही मिटवेना. बघता बघता मेसमध्ये अबोल्यांचं पीक आलं. लोक भाजीचं भांडं सरकवायलाही तिसऱ्याला सांगायचे. हसण्यासारखं होतं, पण मला भीती वाटत होती. परीक्षा तोंडावर आली होती. त्यानंतर जो तो आपापल्या वाटेला जाणार. मुलांच्या रुसव्याला कॉलेजात औषध असतं, कारण उद्या सकाळी नळावर पुन्हा भेट होते. इथून बाहेर पडलेला अबोला जन्माचा. हे दोघं असेच गेले असते तर डिंक आतून मोडला असता, मला खात्री होती. आणि मला ते दोघंही हवे होते, हेही सांगून टाकतो.

एका रविवारी दुपारी आम्ही तिघंही खोलीत होतो. माझा संयम संपला. मी टायरला म्हणालो, फोन नव्हता आला, कबूल. पण एका खोट्यापायी किती दिवस? तो कुणी शत्रू आहे का?

टायरने पुस्तक मिटलं. बोलला माझ्याशी, पण आवाज खोलीभर होता.

‘खोट्याचं काही नाही रे. बाबांना वाटतं तो फोन मीच रचला. चार लोकांसमोर त्यांना गोड बोलायला लावायचा डाव केला, असं ते आईला म्हणाले. आता मी तिकडे कुठल्या तोंडाने जाऊ?’

एवढं बोलून तो बाहेर गेला. हे डिंकाला माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. डिंक खाटेच्या कडेला बसून राहिला.  माझ्याकडे बघून म्हणाला, ‘मला तिथे जायला हवं.’

दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल बुडवून आम्ही दोघं बसमध्ये बसलो. वाटभर तो काय बोलायचं ते पुटपुटत होता. जन्मात त्याने कुणाला न आवडणारी गोष्ट तोंडावर सांगितली नव्हती. उतरून चालायला लागलो तसा दुकानातल्या हवा भरायच्या यंत्राचा आवाज लांबूनच आला. टायरचे वडील उकिडवे बसून चाकातून ट्यूब ओढून काढत होते. मुलासारखेच शिडशिडीत. दोन कारागीर बाजूला होते. मला वाटलं डिंक त्यांना एकीकडे बोलावेल. तो तिथेच, सगळ्यांसमोर बोलला.

‘काका, मी तुमच्या मुलाच्या खोलीत राहतो. तो फोन मी रचला होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. त्याला खरंच वाटलं, तुम्ही केलात.’

वडिलांचे हात थांबले नाहीत. यंत्र चालूच होतं. त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘का रचलास?’

‘त्याला ताप होता. खात नव्हता.’

आता हात थांबले. त्यांनी कारागिराला खूण करून यंत्र बंद करायला लावलं.

‘ताप? कधी? किती होता?’

डिंकाने सांगितलं. डॉक्टरला दाखवलं होतं का, रात्री जवळ कोण होतं, आता तब्येत कशी आहे, ते एकेक विचारत गेले आणि हा एकेक सांगत गेला. मग ते उठले, फडक्याने हात पुसायला लागले, पुसून झाले तरी पुसत राहिले.

‘माझ्याबद्दल काही बोलतो का तो?’

 डिंकाचं तोंड उघडलेलं मी पाहिलं. काय येणार ते मला पाठ होतं: रोज आठवण काढतो काका, झोपेत तुमचं नाव घेतो. असला निरोप त्याने आयुष्यभर दिला होता, आणि समोरचा माणूस तो ऐकायला अगदी तयार होता. डिंकाने तोंड मिटलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

‘मी नाही सांगू शकत काका. त्यालाच विचारा.’

 वडील दुकानाच्या आतल्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. कारागीर आमच्याकडे बघत होते, आम्ही चाकांकडे. डिंक म्हणाला, चल, निघू, आणि आम्ही निघालो.  परतीच्या बसमध्ये मी त्याला धीर दिला नाही, कारण काय झालं ते मलाच कळलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा मेसची घंटा झाली होती. टायर फाटकाजवळच्या कठड्यावर बसला होता. आम्हाला बघून उठला. डोळे सुजलेले, पण चेहरा मोकळा.

‘बाबांचा फोन आला होता,’ तो म्हणाला. ‘क्लार्कने वर्गात येऊन बोलावलं. किती वेळ ताप एके ताप.’

हे तो माझ्याशी बोलतोय असं समजून मी काहीतरी उत्तर द्यायला लागलो. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता.

‘तू सकाळपासून काही खाल्लंस का?’ त्याने डिंकाला विचारलं.

डिंकाने मान हलवली, नाही. टायरने त्याची पिशवी आपल्या खांद्यावर घेतली आणि दोघं मेसकडे चालायला लागले. मी मागे राहिलो. मला कुणी जेवायला बोलावलं नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.