पाटी बघून मागे येणारे

आपल्यामागे या असं सांगणारे या देशात पायलीला पन्नास मिळतात. पण मागे येणाऱ्याची काळजी वाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो पुढारी नव्हता, पिवळी जीप चालवायचा. नेरूळला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहणारे हे काका मूळचे साताऱ्याकडचे, नोकरीला खाडीपलीकडच्या विमानतळावर. विमान उतरलं की ते कुठे नेऊन उभं करायचं हे वैमानिकाला दाखवायला एक जीप पुढे धावते. तिच्या पाठीवर 'माझ्यामागे या' अशा अर्थाची पाटी असते. ती जीप काकांची. शे-दोनशे माणसं पोटात घेतलेलं ते धूड काकांच्या मागून शेळीसारखं चालायचं, आणि काकू मात्र त्यांच्याबरोबर बाजारालाही जायला तयार नसत.

त्याला कारण होतं. काकांनी विमानतळ घरी आणला होता. तिथे विमानांना वाट देणाऱ्या मनोऱ्यातून वायरलेसवर आलेली सूचना जशीच्या तशी परत म्हणून दाखवायचा नियम. त्यामुळे काकूंनी मेथीच्या दोन जुड्या आणायला सांगितल्या की काका दारात ताठ उभे राहून म्हणत, "मेथी, जुड्या दोन, आणतो." हे म्हणून झाल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडत नसे. एकदा काकू वैतागून "माझं नशीबच फुटकं" म्हणाल्या, तर सवयीनं काकांनी तेही परत म्हटलं, "नशीब फुटकं, बरोबर." त्यानंतर दोन दिवस ते आमच्याकडे जेवत होते.

रस्त्यावर पांढरी रेघ दिसली की काका थांबणारच. तेव्हा आमच्याकडचे रस्ते माणसांपेक्षा जास्त होते. समोर वाहन नाही, कुत्रं नाही, तरी काका स्कूटर थांबवून दोन्हीकडे पाहत, "मोकळं" असं स्वतःलाच सांगत आणि मग निघत. मागे बसलेला मी चरफडायचो. माझे वडील कामगारांची पत्रकं लिहायचे, आणि त्यांचं बघून मीही लिहायला लागलो होतो. थांबणं हा शब्द आमच्या घरात फक्त संपापुरता वापरला जाई.

आणि एका धुरकट सकाळी हेच काका चुकले. नुकतंच उतरलेलं विमान मागे घेऊन ते निघाले होते. मनोऱ्यानं दुसरं वळण सांगितलं. काकांनी "दुसरं वळण" असं खणखणीत परत म्हटलं आणि जीप पहिल्याच वळणाला घातली. विमान अर्थातच मागे आलं. तो रस्ता सरळ धावपट्टीला जाऊन मिळत होता. धावपट्टीच्या अलीकडची थांबायची रेघ दिसली आणि काकांनी ब्रेकवर जवळजवळ उभंच राहून जीप थांबवली. मागे विमान थांबलं. पुढच्याच क्षणी दुसरं एक विमान धावपट्टीवर उतरून त्यांच्या नाकासमोरून गेलं. कुणाला ओरखडाही आला नाही. आतल्या प्रवाशांना तर काही घडलं हेसुद्धा कळलं नसेल.

चौकशी लागली. जीप हातची जाणार हे दिसत होतं, आणि जीप म्हणजे काकांचा जीव. एका कनवाळू साहेबांनी सुचवलं, जमिनीवरच्या रेघा पुसट झाल्यात, काही दिसलं नाही असं लिहून द्या. मला तर रान मोकळं मिळालं. एका बैठकीत मी 'पुसट रेघांचा बळी' असं जळजळीत पत्रक लिहिलं, त्याच्या दोनशे प्रती काढल्या आणि गठ्ठा काकांसमोर ठेवला. काकांनी ओळीवर बोट ठेवून ते शेवटपर्यंत वाचलं.

"भाषा झ्याक हाय रे. पण हे खोटं हाय."

मी तापलो. म्हटलं, काका, साहेब लोक हात झटकतील, तुम्ही एकटे लटकाल. जीप जाईल.

"जाईल की," काका म्हणाले. "पण रेघ दिसली म्हणूनच थांबलो ना मी? दिसली न्हाई म्हणून लिवलं तर मग थांबलो कशाला बघून? तोंडानं दुसरं म्हणालो, हातानं पहिलं घेतलं. रोजचं झालं होतं, मन नव्हतं त्यात. तेवढंच लिवायचं. तो विमानवाला काय मला वळखतो? पाटी बघून येतो बिचारा."

पुढाऱ्यांवरची इतकी पत्रकं वाचली होती, पण 'मी तुम्हाला चुकीच्या वळणावर नेलं' असं स्वतःच्या सहीनिशी लिहून देणारा त्यात एकही भेटला नव्हता.

काकांनी तसं लिहून दिलं आणि जीप गेली. त्यांना पास देण्याच्या खिडकीवर बसवलं. पुढे काही महिन्यांनी नव्या ड्रायव्हरांना चार शब्द सांगायला त्यांनाच बोलावलं, तेव्हा काका माझ्याकडे आले. ती पत्रकं पडून असतील ना, मागची बाजू कोरी आहे, म्हणाले. त्या कोऱ्या बाजूंवर त्यांनी गोल अक्षरात लिहून काढलं : 'तोंडानं म्हणाल तेच हातानं करा. शंका आली तर थांबा. मागे माणसं आहेत.' माझं इतकं वाचलं गेलेलं दुसरं पत्रक नाही, आणि तेही पाठीमागून.

निवृत्त झाल्यावर ते गावी निघाले. आमच्या सेक्टरमधल्या बिल्डिंगी सगळ्या एकसारख्या, नवा टेम्पोवाला हमखास चुकायचा. म्हणून हमरस्त्यापर्यंत काका स्कूटरवर पुढे आणि काकूंना पुढच्या सीटवर बसवलेला सामानाचा टेम्पो मागे. तिथे मग स्कूटरही टेम्पोत चढणार होती. कोपऱ्यावरच्या रेघेपाशी ते थांबले. रस्ता मोकळाच होता. काकांनी वळून पाहिलं, टेम्पो येतोय ना, एवढंच बघायला. पण टेम्पो येऊन उभा राहिला तरी ते मागेच पाहत होते. मी गेटपाशी होतो. मी हात वर केला. मग त्यांनी दोन्हीकडे नीट पाहिलं आणि गेले.