पहिली मूठ

त्या वर्षी मी आमच्या कानबाई देवीवर चक्क रुसलो होतो. शाळेत गणित शिकवणारा माणूस मी, आणि मला सातचा पाढा येईना! आधी डोकं ठणकलं, उलट्या झाल्या, मग झटका आला. शुद्धीवर आलो तर उजवीकडचं दिसेना, साधी बेरीज जमेना. आमच्या चोपडा गावात कुणी म्हणे मास्तर सोंग करतो, कुणी म्हणे देवीचा कोप.

मुंबईच्या डॉक्टरांनी मात्र मेंदूचा फोटो समोर धरून नीट समजावलं. शरीराच्या कणाकणात बारीक चुली असतात, माझ्या मंद पेटतात. मेंदूला सरपण फार लागतं, म्हणून डावीकडे मागच्या बाजूला, हिशेबाच्या जागी, डाग पडलेत. रक्तवाहिनी कुठे तुंबलेली नाही. आईचं कमी ऐकू येणं, तिची साखर, तेही त्यातलंच, कारण या चुली आईकडून येतात. दोष कुणाचाच नाही, असंही ते म्हणाले. पण आईला नेमकं ‘आईकडून’ तेवढंच ऐकू गेलं! तेव्हापासून माझ्याकडे बघून पदर डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, “मीच दिधं तुले.” दुखण्यापेक्षा मला तेच जास्त लागायचं.

श्रावणात कानबाईचा सण आला. नैवेद्याच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू सुपात टाकायची आमची रीत, आणि मास्तर म्हणून ते काम माझं. यंदा भाऊ टाकेल, असं सगळे म्हणत होते, पण आई ऐकेना. बसलो. आबा, नाना, भाऊ, पुतणे, एकेक नाव घेत गेलो, एकही चुकलं नाही. ऐटीत हात झटकून उठलो, तर काकू हळूच म्हणाली, “आन तुन्हं नाव?”

सगळे सुपाकडे बघू लागले. देवीच्या धान्यातून जित्या माणसाचं नाव सुटावं, केवढा अपशकुन! मी पुन्हा सुपापाशी बसलो.

आईला काकूचं ऐकू आलं नव्हतं, पण आमचे चेहरे बघून तिला कळलं. ठणठणीत आवाजात म्हणाली, “तुन्ही मूठ मी बठ्ठासना पहिले टाकेल शे.” सकाळी आंघोळ करून आल्यावर तिला एकदम वाटलं होतं म्हणे, की याच्या नावाची मूठ सगळ्यांच्या आधी आपणच टाकून ठेवावी. का, ते तिलाही सांगता येईना. आबा म्हणाले, मास्तर नापास, माय पास, आणि सगळे हसत सुटले.

बेरीज माझी अजून चुकते. गोळ्या नेमानं घेतो, फळ्यावरचं उत्तर पोरांकडून तपासून घेतो. सगळं आपणच मोजायचं हा ताठा देवीनं काढून घेतला, फार बरं केलं.

त्या दिवशी सुपातल्या गव्हाकडे बोट करून आईच्या कानाशी मोठ्यानं म्हणालो, “माय, हाई बी तूच दिधं.” वर्षभरात पहिल्यांदाच तिनं पदर डोळ्यांना लावला नाही. हसली, आणि सूप उचलून जात्याकडे गेली.