यंत्र म्हणतं तिथेच ठेवा

पंपांच्या सुट्या भागांचं एक गोदाम होतं आणि त्या गोदामात एक माणूस होता. त्याला सगळे किल्लेदार म्हणत. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि चेहऱ्यावर असा भाव, की छप्पर यानेच डोक्यावर तोलून धरलंय. नावात उघड टवाळी होती, पण त्याला ती पदवी वाटायची. कुणी गाढव म्हटलं असतं, तरी आपल्याला कष्टाळू म्हणताहेत असंच तो समजला असता.

त्याची सगळी विद्या एकच: माल कुठे ठेवलाय ते दुसऱ्या कुणाला कळू द्यायचं नाही. रबरी सील जिन्याखाली, मोठे व्हॉल्व्ह फाटक्या ताडपत्रीखाली, वॉशर तर देवालाच ठाऊक. कुणी काही मागितलं की हा खुर्चीतून सावकाश उठणार, "बघतो" म्हणणार, आणि माणसाला चांगलं ताटकळत ठेवून मगच वस्तू आणून देणार. घरी जेवताना वर बढाया. "माझ्यावाचून तिथलं पानही हलत नाही!"

"असेल हो," बायको म्हणायची, "पण घरात तुम्हाला तुमचा टॉवेल सापडत नाही, तेही सांगा त्यांना कधीतरी."

मग मालकांनी गोदामासाठी सॉफ्टवेअर घेतलं. प्रत्येक कप्प्याला क्रमांक, प्रत्येक खोक्यावर बारकोड, हातात स्कॅनर. कोणती वस्तू कुठे आहे ते पडद्यावर बघा आणि काढून आणा, इतकं सोपं. मालक किल्लेदाराला म्हणाले, "मालाच्या जागा तुम्हालाच ठाऊक. तुम्ही सांगत जा, पॅकिंगच्या बाई त्या यंत्रात भरतील. एकदा हे रुळलं की गोदाम त्या सांभाळतील. तुम्ही फाटकावर बसा, आरामात."

आरामात! फाटक म्हणजे ट्रकवाल्यांना "येऊ दे, येऊ दे" करत हात हलवायचे, नाहीतर कुत्री हाकलायची. तिथे कोण विचारणार याला? आता शहाण्या माणसाने म्हटलं असतं, "मलाच शिकवा की हे." पण शिकायचं तर आधी आपल्याला येत नाही हे कबूल करावं लागतं, आणि ते याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. त्याऐवजी याने डोकं चालवलं. तिथेच घोडं पेंड खातं.

बाई विचारायच्या, "मामा, सील कुठे?" हा तोंडाला येईल तो कप्पा ठोकून द्यायचा. "मामा, मोठे व्हॉल्व्ह?" दिला दुसरा ठोकून. एकदा बाई म्हणाल्या, "जरा बघून येऊ का?" तर "माझ्यावर विश्वास नाही का?" म्हणून याने गोदाम डोक्यावर घेतलं. बाईंनी कानाला खडा लावला आणि हा सांगेल ते निमूट भरत गेल्या. याचं गणित साधं होतं. यंत्र एक सांगणार, माल भलतीकडे निघणार, मालक कपाळाला हात लावणार, आणि सगळी वरात परत याच्या खुर्चीपुढे.

सुरुवातीला झालंही तसंच. हमाल रिकाम्या कप्प्यापुढे तोंडं वासून उभे. किल्लेदार मिशीत हसत उठला आणि जिन्याखालून सीलचं खोकं ओढून आणलं. हवे तेवढे काढून झाल्यावर हमालाने विचारलं, "मामा, उरलेले कुठे ठेवू?"

"मला काय विचारतोस बाबा? आम्ही अडाणी! यंत्र म्हणतं तिथेच ठेवा!"

सगळे खो खो हसले. झालं, याला चेवच चढला. व्हॉल्व्ह काढले, "यंत्र म्हणतं तिथेच ठेवा!" वॉशर काढले, तेच. नवा माल उतरला, तेव्हाही तेच. आपल्याच विनोदावर हा असा खूश, की माणसं खरोखरच तसं करताहेत हे याच्या ध्यानातही आलं नाही. हळूहळू कुणी विचारायला येईनासं झालं. याला वाटलं, धंदा मंदावलाय. अरे शहाण्या, एकदा उठून बघायचंस तरी!

एक दिवस मालक स्वतः एका मोठ्या गिऱ्हाइकाला घेऊन आले. त्या गिऱ्हाइकाचा कारखाना पाण्यावाचून बंद पडला होता. "मोठा व्हॉल्व्ह हवाय यांना, लगेच."

"बघतो," म्हणत किल्लेदार ऐटीत उठला. ताडपत्री उचलली. खाली नुसती धूळ. जिन्याखाली बघितलं, दाराआड बघितलं, घाम पुसत परत ताडपत्री उचलली. धूळ होती तिथेच होती. तेवढ्यात पॅकिंगच्या बाईंनी पडद्यावर बघितलं, आत गेल्या आणि व्हॉल्व्ह आणून टेबलावर ठेवला.

गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. मालक बाईंना म्हणाले, "कमाल केलीत! इतक्या बिनचूक जागा भरल्यात?"

"माझं कसलं त्यात?" बाई मनापासून म्हणाल्या. "जागा सगळ्या मामांनी सांगितल्यात. मी बघितल्या त्यातली एकसुद्धा चुकीची निघाली नाही."

किल्लेदाराने तोंड उघडलं. पण सांगणार काय, कर्म? मी सगळं खोटं सांगितलं होतं म्हणून?

"वा!" मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "मग आता आमची काळजीच मिटली. उद्यापासून फाटकावर बसा तुम्ही." आणि जुडग्यासाठी हात पुढे केला.

संध्याकाळी बायकोने विचारलं, "काय म्हणतात मालक?"

"कौतुक करत होते माझं," किल्लेदार म्हणाला आणि न्हाणीघरात शिरला. मग आतूनच ओरडला, "अगं, टॉवेल कुठे ठेवलायस?"

"रोज असतो तिथेच!"